थ्रॉटल पुढे की मागे?

(हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाचं कॉकपिट, डाव्या हाताचा दांडा)

हा थ्रॉटल. वेग हवा तर पुढे ढकलायचा. पण ऑगस्ट १९४० मध्ये लंडनजवळच्या नॉर्थोल्ट तळावर आलेल्या पोलिश वैमानिकांचा हात नेमका उलटा बसलेला. त्यांच्या विमानांत तो मागे ओढत. त्यांच्या पी-११ लढाऊ विमानांची चाकं तर पोटात जातच नसत. इथे उतरताना ती आठवणीने खाली घ्यायची! वेग मैलांत, हुकूम इंग्रजीत. पोलंड-फ्रान्सच्या आकाशात लढून आलेल्या या गड्यांना रेडिओ लावलेल्या तीनचाकी सायकलींवर बसवून मैदानात फिरवलं, रेडिओवरचं इंग्रजी जमावं म्हणून.

ही ब्रिटिश हवाई दलाची ३०३ क्रमांकाची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी. प्रमुख रोनाल्ड केलेट ब्रिटिश, त्यांच्या जोडीला पोलिश प्रमुखही. तिच्यातल्या एका गटाचा नायक जॉन केंट कॅनडातल्या विनिपेगचा. तो पोलिश शब्द उच्चाराप्रमाणे पँटच्या गुडघ्यावर लिहून उडायचा.

(विमानावरचं बोधचिन्ह, जवळून)

लाल चौकोनी टोपी. लांब दांड्यांचे दोन कोयते, गवत कापायचे. १७९४ साली सेनानी कोश्चुश्कोच्या मागे पोलिश शेतकरी हेच घेऊन रशियाशी लढले. आणि मागे तारे-पट्टे अमेरिकेचे! कारण कोश्चुश्को त्याआधी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला होता. ते ऋण मानून पहिल्या महायुद्धानंतर काही अमेरिकी वैमानिक पोलंडसाठी लढायला आले. त्यांच्यातल्याच इलियट चेसने हे चिन्ह काढलं; तेच पुढे ३०३ कडे आलं. सरमिसळ या तुकडीच्या रक्तातच होती म्हणा ना.

३० ऑगस्ट. नुसता सराव चाललेला. लुद्विक पाश्किएविचला जर्मन विमानं दिसली. त्याने रेडिओवर सांगितलं, उत्तर आलं नाही. मग रांग सोडून त्याने एक पाडलंच. दुसऱ्या दिवशी स्क्वाड्रन लढाईत. पुढच्या सहा आठवड्यांत तिच्या नावावर १२६ विमानं लागली; युद्धानंतरच्या पडताळणीत आकडा बराच उतरला, तरी हरिकेन स्क्वाड्रनांत ती अव्वल राहिली.

त्यातली १७ एकट्या योसेफ फ्रांतिशेकची. हा चेक. रांगेत उडणं याला जमेना. इंग्लिश खाडीवर एकटा घिरट्या घालून परतणारी जर्मन विमानं गाठायचा. शेवटी वरिष्ठांनी त्याला ‘पाहुणा’ ठरवून मोकळं सोडलं.

१९४६ च्या लंडनमधल्या विजयसंचलनाचं बोलावणं पोलिश वैमानिकांना आलं, खांद्याला खांदा लावून लढलेल्या पोलिश पायदळाला नाही. तेव्हा हेही गेले नाहीत.

(छायाचित्र, २४ ऑक्टोबर १९४०)

मोहिमेवरून परतलेले वैमानिक, मागे हरिकेन. डावीकडून दुसरा केंट. फ्रांतिशेक यात नाही. सोळा दिवसांपूर्वी, ८ ऑक्टोबरला, सरे परगण्यात त्याचं विमान कोसळलं होतं.