एका भट्टीची दोन तोंडं

श्रोतेहो, नमस्कार. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर असो की शिरोली, ओतकामाच्या धंद्यात नमुना घडवणारा पॅटर्नवाला, वाळूचा साचा भरणारा मोल्डर, लेथवाला सगळे हाकेच्या अंतरावर. एकाला जमलेली युक्ती मिस्त्रीबरोबर शेजारी पोचते. पण भट्ट्या एका जागी, म्हणजे धूरही एका जागी. युक्ती पसरते, धूर साठतो. हे ध्यानात ठेवा.

आता हावड्याची गोष्ट ऐका. ओतकामाचं जुनं गाव, कोकवर, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशावर चालणाऱ्या क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्ट्या. 1998 मध्ये ऊर्जेवर संशोधन करणाऱ्या टेरी संस्थेनं तिथल्या एका फौंड्रीत नवी क्युपोला उभी केली. साध्या क्युपोलात हवेच्या तोंडांची एकच ओळ. कोक जळून झालेला वायू वर जाताना तापल्या कोकला भिडतो, त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो आणि बरीच ताकद चिमणीतून वाया जाते. नव्या भट्टीत सुमारे 1 मीटर वर तोंडांची दुसरी ओळ बसवली, हवा निम्मी-निम्मी वाटली. वायू आतच जळू लागला. 100 किलो लोखंडामागे 13.6 किलो कोक जायचा, तो 8 किलोवर आला! मात्र बेड कोक, म्हणजे तळाशी आधी भरलेला कोकचा थर, वरच्या ओळीच्याही वर राहिला पाहिजे. कमी पडला, की वितळलेल्या लोखंडाचा रस थंड निघतो आणि साच्यात पातळ जागी पोचतच नाही.

चिमणीला व्हेंच्युरी स्क्रबर जोडला. अरुंद गळ्यातून धूर वेगानं ओढायचा, तिथंच पाण्याचा फवारा. धूळ घनमीटरमागे 50 मिलिग्रॅमच्या आसपास आली. कोकमधल्या गंधकानं हे पाणी आम्लधर्मी होतं आणि साधा पत्रा खातं. म्हणून पाण्यात चुना हवा, पत्रा स्टेनलेस हवा. शेजाऱ्याला नियमापेक्षा कोकचं बिल लवकर पटतं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे आता विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या बऱ्याच आहेत. वीज आली म्हणून धूर गेला नाही. तेलकट टर्निंग, म्हणजे लेथवरचा कीस टाकला की काळा धूर, जस्ताचा पत्रा गेला की पांढरा. भंगार आधी निवडा. ओलं तर मुळीच नको, रस उसळून अंगावर येतो. धूर ओढणारा हूड भट्टीच्या तोंडालगत हवा. छताला लावलेला पंखा धूर नुसता गल्लीत ढकलतो.

गल्लीवरून आठवलं, थंडीत हवा जमिनीलगत कोंडते आणि त्यातच उसाचं पाचट पेटवलं जातं. शेतकरी बंधूंनो, ते सरीत आच्छादन म्हणून राहू द्या, पाणीही वाचेल.

उरली मोल्डिंगची वाळू. साचा फोडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते. तिथं झाडू मारू नका, धूळ ओढून घेणारा पंखा आणि कापडी पिशव्यांचा बॅग फिल्टर लावा, आणि पिशव्या तुंबल्यात का ते दर पाळीला बघा.