तेराव्या महिन्याची शिदोरी

दुष्काळात तेरावा महिना, असं आपण सहज म्हणून जातो. नायजेरियातल्या राष्ट्रीय युवा सेवेत असलेल्या मुलामुलींच्या आयुष्यात हा तेरावा महिना तारीख ठरवून येतो. सेवा बारा महिन्यांची, बारा महिने सरकारी भत्ता. शेवटी संचलन होतं, प्रमाणपत्र हातात पडतं, फोटो निघतात. आणि पुढच्या महिनाअखेरीला बँकेचा मेसेज येत नाही. नोकरी लागलेली नसते. मुलाखतीचं बोलावणं आलंच तर बसभाडं कुठून आणायचं, असा प्रश्न असतो. तुटपुंज्या भत्त्यातून बचत कशी करायची, हा आजचा विषय. मी तो या तेराव्या महिन्यापासून मागे मोजत येणार आहे, कारण कशासाठी ते ठरलेलं नसेल तर बचत टिकत नाही, हे मी फार जवळून पाहिलंय.

नायजेरियातल्या जोसच्या पठारावर एका शाळेत मी आठ वर्षं गणित शिकवलं. दर वर्षी आमच्याकडे चार-पाच ‘कॉर्पर’ यायचे. सेवेतल्या तरुणांना तिथे सगळे याच नावाने ओळखतात. खाकी पँट, पांढरा बनियन, पायात जड बूट. ते शाळेच्याच आवारातल्या खोल्यांत राहायचे, ‘आंटी’ म्हणत कांदा-मीठ मागायला यायचे, आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर जरा जास्तच वेळा यायचे. त्यामुळे त्यांच्या खर्चाच्या वह्या मला पाठ आहेत म्हटलं तरी चालेल.

ही सेवा आली कुठून, ते थोडक्यात सांगते. १९६७ ते १९७० या काळात नायजेरियात यादवी युद्ध झालं. देश फुटता फुटता राहिला. मग २२ मे १९७३ रोजी जनरल याकुबू गोवॉन यांच्या सरकारने ही योजना सुरू केली. पदवी घेतलेल्या, तिशीच्या आतल्या प्रत्येकाने एक वर्ष आपलं राज्य सोडून दुसऱ्या राज्यात काम करायचं. लागोसचा मुलगा सोकोतोला जातो, एनुगूची मुलगी कानोला. पहिले तीन आठवडे छावणी, नंतर शाळा, दवाखाना किंवा सरकारी कचेरी, आणि आठवड्यातला एक दिवस गावाच्या कामाला. हे प्रमाणपत्र नसेल तर नोकरीची बहुतेक दारं बंद. म्हणजे परक्या मुलखात, ओळखीचं कुणी नसताना, एक वर्ष काढायचं आणि तेही भत्त्यावर. या भत्त्याला मुलं लाडाने ‘अलावी’ म्हणतात.

२०११ पासून हा भत्ता १९,८०० नायरा (तिथलं चलन) होता. २०२० मध्ये तो ३३,००० झाला. २०२४ मध्ये ७७,००० जाहीर झाला, पण तो हातात पडायला मार्च २०२५ उजाडला. आकडा दुपटीहून वाढला, हे खरं. पण मध्यंतरी काय झालं ते बघा. २९ मे २०२३ ला पेट्रोलवरचं अनुदान संपल्याची घोषणा झाली आणि लिटरला दोनशेच्या आत असलेला भाव काही दिवसांत पाचशेच्या आसपास गेला. २०२४ मध्ये महागाईचा दर तीस टक्क्यांच्या वर होता. आकडा दुपटीने वाढला, बाजारातून येणारी पिशवी मात्र दुपटीने भरत नाही. म्हणून जो कुणी या मुलांना ‘आता तुमचं काय, चैन आहे’ असं म्हणतो, त्याचा मला राग येतो.

शाळेत नवे कॉर्पर आले की मी त्यांना एक काम सांगायचे. वहीचं पान आडवं धरा आणि बारा नाही, तेरा रकाने आखा. तेराव्या रकान्यात जमेच्या बाजूला शून्य लिहा. खर्चाच्या बाजूला भाडं, जेवण, प्रवास, फोन लिहा. हा आकडा जमवायला हाताशी किती महिने आहेत ते मोजा. पान भरता भरता चेहरे गंभीर व्हायचे. बाकी उपदेशाची गरजच उरायची नाही.

बचत बाजूला काढायची ती पैसे आले त्याच दिवशी. खर्च करून उरेल ते ठेवू, हा बेत मी आठ वर्षांत एकदाही तडीस गेलेला पाहिला नाही. भत्ता ज्या खात्यात येतो त्याचं कार्ड खिशात असतं, म्हणून दुसऱ्या बँकेत एक खातं उघडायचं आणि त्याचं कार्ड घ्यायचंच नाही. आजच्या ७७,००० मधून दर महिन्याला १५,००० तिकडे वळवले, तर अकरा महिन्यांत १,६५,००० होतात. म्हणजे सेवा संपल्यावर दोन महिन्यांहून थोडा जास्त काळ श्वास घ्यायला मिळतो. अकराच महिने का? कारण पहिल्या महिन्यात बचत करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या महिन्यात गादी, बादली, स्टोव्ह घ्यायचा असतो. ते न घेता पैसे साठवणारा मुलगा महिनाभर बाहेर जेवतो आणि साठवल्याच्या दुप्पट घालवतो. आणि दुसऱ्या महिन्यातली पहिली बचत तेराव्या महिन्यासाठी नसून उशिरासाठी ठेवावी. दर महिन्याला हजेरीची मंजुरी घ्यावी लागते, भत्ता कधी चार दिवस, कधी दहा दिवस लांबतो. तेवढ्या दिवसांचं धान्य घरात असलं की उधारी लागत नाही, आणि उधारी लागली नाही की पुढचा भत्ता पूर्ण आपला राहतो.

छावणीबद्दल फार बोलत नाही. तिथे तिन्ही वेळचं जेवण फुकट असतं, तरी मुलं छावणीतल्या ‘मामी मार्केट’मध्ये पैसे उडवतात. सरकारी खाकी अंगाला ढगळ होते, ती तिथल्या शिंप्याकडून मापात करून घ्यायची, फोटो काढायचे, संध्याकाळी सुया म्हणजे भाजलेलं मसालेदार मांस खायचं. बाविशीच्या पोरांनी तीन आठवडे मजा केली तर करू दे.

खरा पैसा जातो तो राहण्यात आणि जाण्या-येण्यात. जो तो धडपडतो लागोस किंवा अबुजाला नेमणूक मिळावी म्हणून. मोठ्या शहरात घरमालक वर्षाचं भाडं एकदम मागतात, कधी दोन वर्षांचं. भत्त्यावरच्या मुलाने ते आणायचं कुठून? आईबापांकडून, म्हणजे सेवा सुरू होण्याआधीच कर्ज. त्यातून शाळा लांब असली तर रोजची रिक्षा. तिकडे तिला ‘केके’ म्हणतात, आणि त्यांतल्या कितीतरी बजाजच्या असतात, मला ते बघून दर वेळी बरं वाटायचं. जायचे-यायचे मिळून रोजचे हजार नायरा धरले, तर बावीस दिवसांचे बावीस हजार होतात. भत्त्याचा चौथा हिस्सा नुसता रस्त्यावर गेला, त्याहून जास्तच. साखर कमी घेऊन, फोनचा डेटा वाचवून हे भोक बुजत नाही. म्हणून लहान गावची, आवारात खोली देणारी शाळा मिळत असेल तर ती नाकारू नये. कॉर्परांच्या खोलीत चार जण असतील, वीज दिवसातून तीन तास येईल, पण भाडं शून्य आणि शाळा पन्नास पावलांवर.

आता स्वयंपाकाचं. आमच्याकडे एका वर्षी तिथल्या वेगवेगळ्या समाजांतले चार जण एकत्र राहत होते. एक इग्बो, एक योरुबा, एक तिव, आणि नदीमुखाच्या प्रदेशातून, पोर्ट हारकोर्टहून आलेली एक मुलगी. पहिले दोन आठवडे चार स्टोव्हवर चार भांडी. कुणाला दुसऱ्याच्या हातचं तिखट सोसेना, कुणाला पाम तेल जास्त हवं. महिना संपायच्या आत चौघांचे पैसे संपले. मग एके रविवारी ती मुलगी मला घेऊन बाजारात गेली. उत्तरेकडे धान्य ‘मुडू’ने मोजतात. वाडग्यासारखं भांडं, आपलं मापटंच म्हणा. विक्रेती बाई चवळी ओतते, वर शीग करते आणि हाताने थोडी जास्तीची टाकते. ती जास्तीची मूठ मिळवायची तर तिची भाषा यावी लागते. ही मुलगी हौसा या उत्तरेकडच्या भाषेतले मोजून दहा-बारा शब्द शिकून आली होती. मुडू मुडू न घेता तिने चौघांत मिळून चवळीचं अर्धं पोतं ठरवलं, तेही नोव्हेंबरात, नवं पीक आल्यावर, भाव उतरलेला असताना.

चवळीला भुंगा लागतो, हे आपल्याला सांगायला नको. त्यांनी ती पूर्ण वाळवून प्लास्टिकच्या कॅनमध्ये गच्च भरली आणि झाकण घट्ट लावलं. आत हवाच नसली की भुंगा जगत नाही. जोसला बटाटा पिकतो, तो स्वस्त. शनिवारी एका मोठ्या पातेल्यात सॉस शिजायचा. तिखट बेताचं, ज्याला हवं त्याने वरून घ्यावं, असा तह झाला. मार्चपर्यंत ती चवळी पुरली. ज्या देशाने अडीच वर्षं एकमेकांशी युद्ध केलं, त्या देशातली चार पोरं एका पातेल्यातून वाढून घेत होती, आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. ते दृश्य मला आजही भरून आणतं.

याच चौघांनी, शेजारच्या शाळेतल्या दोघांना घेऊन, ‘अदाशे’ सुरू केलं. हौसात अदाशे, योरुबात अजो किंवा एसुसू, आणि आपल्याकडे भिशी. हे २०२२ चं वर्ष, भत्ता ३३,०००. सहा जणांनी दरमहा पाच-पाच हजार काढायचे, तीस हजार एकाच्या हातात द्यायचे. वर्षात दोन फेऱ्या. आता नंबर कुणाचा आधी? इथे मी गणिताची बाई म्हणून नाक खुपसलं. शेवटच्या नंबराला वाटतं आपण भाग्यवान, रक्कम अगदी सेवा संपताना मिळणार. पण महागाई अशी धावत असताना शेवटच्या तीस हजारांत पहिल्या तीस हजारांइतकं काही येत नाही. म्हणून ज्याला वस्तू घ्यायची आहे, त्याने नंबर आधी घ्यावा. ज्याला नुसती रोकड हवी, त्याने शेवटी. पोर्ट हारकोर्टच्या मुलीने छावणीत शिवणकामाचं शिक्षण घेतलं होतं. तिने पहिला नंबर मागितला, पदरचे थोडे घालून जुनं हातमशीन घेतलं आणि इतरांच्या ढगळ खाकी मापात करून देऊ लागली. शाळेचे गणवेशही येऊ लागले. चौथ्या महिन्यापासून तिचा हप्ता शिलाईतूनच जात होता. भिशीत एकच धोका: रक्कम उचलून कुणी बदली करून घेतली तर? म्हणून ज्यांची खोली आपल्याला माहीत आहे, एवढ्यांनाच घ्यावं, आणि पहिला नंबर भरवशाच्या माणसाला द्यावा.

त्यांतल्या योरुबा मुलाकडे एक ‘कोलो’ होता. सुताराकडून केलेली, खिळे ठोकून बंद केलेली लाकडी पेटी, वर फट. रोज नोट टाकायची, पेटी फोडल्याशिवाय काढता येत नाही. मला ती पद्धत फार आवडायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने दोनशे, पाचशे आणि हजारच्या नोटा बदलायचं जाहीर केलं. जुन्या नोटांची मुदत आधी ३१ जानेवारी, मग १० फेब्रुवारी. जानेवारीत एका दुपारी माझ्या ओसरीवर त्याने हातोडीने ती पेटी फोडली. नोटा घडीच्या घडीतच चिकटलेल्या. आम्ही दोघांनी बसून सरळ केल्या. बँकेच्या रांगेत त्याचे दोन दिवस गेले. भरले खरे, पण मग काढता येईनात, कारण नव्या नोटाच पुरेशा नव्हत्या. पुढे ३ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालतील असा निकाल दिला, तोवर लोकांचे फार हाल झाले होते. तेव्हापासून मी सांगते, पेटीत आठवड्याभराचं साठवा आणि दर शनिवारी खात्यात टाका.

आणि महिन्याला तीस टक्के देतो म्हणणाऱ्या कुणाच्याही दारात उभं राहू नका. एमएमएम नावाच्या योजनेने नेमकं हेच वचन दिलं होतं, आणि डिसेंबर २०१६ मध्ये, ऐन नाताळाच्या तोंडावर, लोकांचे पैसे अडकवले.

घरी पैसे पाठवण्याबद्दल मी कुणाला कधी नको म्हटलं नाही. पहिल्या पदवीधर मुलाकडे धाकट्याची फी, आईचं औषध, हे येणारच. फक्त रक्कम पहिल्याच महिन्यात, स्वतः फोन करून सांगावी: दरमहा इतके. दर फोनला नवी रक्कम ठरू लागली की मुलगा फोन उचलायचा टाळतो, आणि ते पैशाच्या चणचणीहून वाईट. पोर्ट हारकोर्टच्या मुलीने आईला तीन हजार सांगितले होते. सणाच्या महिन्यात पाच.

ती जाताना बसच्या टपावर मशीन चढवलं. कंडक्टर सामानाचे जादा मागत होता, तिने हौसात घासाघीस करून अर्ध्यावर आणलं. वही माझ्याकडे विसरली होती, मी धावत नेऊन दिली. देता देता शेवटचं पान दिसलं. तेराव्या रकान्यात जमेच्या बाजूचं शून्य खोडलेलं होतं. त्यावर भिशीचा दुसऱ्या फेरीतला नंबर, बँकेतली शिल्लक, आणि त्याखाली बारीक अक्षरात: शिलाई, सहा गणवेश, येणे बाकी.