पेरभर मलम

मंडळी, एवढ्या पावसात नेरूळच्या या हॉलमध्ये खुर्च्या भरल्यात, म्हणजे खाज घरोघरी आहे. जून ते सप्टेंबर माझ्या दवाखान्यात येणारे कित्येक जण पिशवीतून खाजेच्या मलमाची अर्धी पिळलेली ट्यूब काढतात. ‘मॅडम, ही लावली की दोन दिवस बरं वाटतं, मग परत येतं.’ दिली कोणी? शेजारच्या काकूंनी, नाहीतर मेडिकलवाल्यानं.

आधी ट्यूबवरचं नाव वाचा. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सौम्य स्टेरॉइड, म्हणजे लाली आणि खाज दाबणारं औषध. त्वचेच्या आजारांवर ते १९५२ पासून वापरात आहे. क्लोबेटासोल त्याच घराण्यातलं, पण सगळ्यात जहाल. आपल्याकडे बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि हे जहाल स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये कोंबलेलं मिळतं. ती मिसळ घरात ठेवूच नका.

साबणानं चुरचुरणारे हात, डास चावल्याची गांधी, खोट्या दागिन्यानं उठलेलं पुरळ, यांवर सौम्य मलम छान चालतं. गजकर्णावर नाही. तुर्भ्याच्या मार्केटमध्ये दिवसभर घामानं भिजणारे माथाडी माझ्याकडे येतात, त्यांच्या कमरेला, जांघेत हे हमखास असतं. गजकर्ण म्हणजे बुरशी. तिला हाकलायला शरीर जी धावपळ करतं, तीच आपल्याला लाली आणि खाज म्हणून जाणवते. स्टेरॉइड ती धावपळ थांबवतं. सोसायटीच्या वॉचमनला झोपेची गोळी द्यावी, तसं. रात्र शांत जाते, चोर मात्र प्रत्येक मजल्यावर फिरून येतो. वर त्या चकंदळाची लाल कडही पुसट होते, मग आम्हा डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. म्हणून कड लाल आणि मध्ये साफ असं गोल दिसलं, तर ट्यूब उघडण्याआधी दाखवा.

आता माप. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची एक सरळ रेघ काढा. मोठ्या माणसाच्या बोटावर ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि बोटांसकट हाताच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, फक्त दुखऱ्या जागी. आठवड्यात उतार पडला नाही तर थांबा आणि डॉक्टर गाठा. चिघळलेल्या जखमेवर, मुरुमांवर, डोळ्यांभोवती मनानं लावायचं नाही. लहान मुलांना विचारल्याशिवाय नको. लंगोटाखाली तर नकोच, झाकलेल्या जागी औषध जास्त मुरतं.

जागेजागेची कातडीही वेगळी. हाताच्या मानानं कपाळातून सुमारे ६ पट, तर पुरुषांच्या अंडकोषाच्या कातडीतून ४० पट औषध आत जातं. (हसू नका, मोजलेलं आहे.) गोरं दिसायला म्हणून जहाल मलम महिनोन्‌महिने चेहऱ्याला चोपडणाऱ्या मुली येतात. कातडी पातळ, लाल शिरांचं जाळं, आणि बंद केलं की आग आग. ते निस्तरायला महिने जातात.

बोला ताई. अंगठीखालीच खाज येते? भांड्यांचा साबण तिथे अडकतो. काम करताना अंगठी काढा, हात धुऊन कोरडे करा, व्हॅसलिन लावा. मलमाआधी हे. वीस वर्षांत निघाली नाही म्हणता? तेल लावून, दोरा गुंडाळून बघा. तरीही नाहीच निघाली, तर पहिलं सोनाराकडे जा, मग माझ्याकडे.