ग्रामसभा गेली, मग विचारायचं कुठे?

(दृश्य: नागपूर–हिंगणा रस्ता, सकाळची वेळ. कंपनीच्या बस, सायकली, दुधाच्या कॅनचे दुचाकीवाले. कॅमेरा हळूहळू वानाडोंगरीच्या वस्तीत शिरतो.)

नागपूरहून हिंगण्याकडे निघालं की शहर नेमकं कुठे संपतं, हे आता सांगता येत नाही. एमआयडीसी येते आणि वानाडोंगरी लागतं. दक्षिणेकडून बाहेर पडलात तर बेसा-पिपळा. काही वर्षांमागे इथे ग्रामपंचायत होती. आज वानाडोंगरीला नगरपरिषद आहे, बेसा-पिपळ्याला नगरपंचायत. हिंगणा, मौदा, कुही, भिवापूर, पारशिवनी या तालुक्याच्या गावांमध्येही आता नगरपंचायतीचं कार्यालय आहे. दारावरची पाटी बदलली, शिक्का बदलला, घरटॅक्सची पावती बदलली. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी.

या बदलात ग्रामसभाही गेली. तिच्याबद्दल फार कोणी बोललं नाही.

गावात वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे दिवस तर सगळ्यांच्या तोंडपाठ. सगळ्या ग्रामसभा चांगल्या होत होत्या, असं म्हणायचं नाही. कितीतरी सभा गणपूर्तीअभावी तहकूब होतात, कितीतरी रजिस्टरवरच्या सह्यांपुरत्या होतात. तरी मतदारयादीत नाव असलेली कोणतीही बाई तिथे उभी राहून विचारू शकत होती, की आमच्या गल्लीतल्या नालीचा पैसा कुठे गेला. उत्तर गोलमाल मिळालं तरी ते चारचौघांसमोर द्यावं लागायचं.

नगरपंचायत झाली की ती बाई त्याच घरात राहते, त्याच नालीसमोर. पण तिला उभं राहायला सभा नाही.

(दृश्य: नगरपरिषदेच्या सभागृहाचं रिकामं दालन. खुर्च्या, माईक, भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी.)

शहरांच्या स्वराज्य संस्थांना संविधानात जागा मिळाली ती ७४व्या घटनादुरुस्तीने. १ जून १९९३ पासून ती लागू झाली. पाणी, रस्ते, सफाई, दिवाबत्ती, नगररचना अशी १८ कामं बाराव्या अनुसूचीत लिहिली गेली. प्रभाग समित्याही आल्या, पण त्यांची सक्ती ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांनाच. नागपूर जिल्ह्यातली एकही नगरपरिषद त्या आकड्याच्या जवळपास नाही. काटोल नाही, उमरेड नाही, रामटेक नाही, सावनेर नाही. कामठीसारखं मोठं शहरही नाही.

म्हणजे खेड्याला ग्रामसभा आणि महानगराला प्रभाग समिती. मधल्या शहराचा माणूस मात्र नगरसेवकाच्या घराच्या पायरीवर. तो भेटला तर बरं, नाही तर उद्या या.

अशा शहरात आपल्या हाती उरते ती माहिती. पाणी कधी येणार, टॅक्स किती बसणार, रस्ता कुठून जाणार, हे वेळेत कळलं तर बोलता येतं, हरकत घेता येते. उशिरा कळलं तर सोसावं लागतं. म्हणून आम्हाला असं वाटतं की छोट्या शहरात बातमी ही नळाच्या पाण्याइतकीच नागरी सेवा आहे. ती सोडायची जबाबदारी नगरपरिषदेची.

(दृश्य: कार्यालयाच्या व्हरांड्यातला सूचना फलक. एकावर एक डकवलेले कागद, गंजलेल्या टाचण्या, जाळीचं दार, त्याला कुलूप.)

हा फलक जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या आवारातला. निविदेची सूचना आहे, मतदारयादीचं पत्र आहे, मागच्या उन्हाळ्यातली पाणी जपून वापरण्याची विनंती आहे. अक्षर बारीक, उजेड कमी. दाखल्यासाठी आलेली माणसं इथेच रांगेत उभी असतात आणि त्यांची पाठ फलकाकडे असते. त्यांचा दोष नाही. या कागदातला कोणता आपल्या घराशी संबंधित आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

आणि संबंध असतो. नगरपरिषदेत दर चार वर्षांनी कर आकारणीची फेरतपासणी होते. घराचं मोजमाप होतं, नवी यादी लागते, हरकतींसाठी मुदत जाहीर होते. वरचा मजला मोजण्यात चूक झाली असेल, भाडेकरू नसताना भाडं धरलं असेल, मालकाचं नाव आजोबांचंच राहिलं असेल, तर ते सांगायची हीच वेळ. ही मुदत गेली की बिल येतं, मग भांडण काउंटरवरच्या कारकुनाशी होतं. त्याच्या हातात तेव्हा काही उरलेलं नसतं.

थकबाकीचं गणित तर आणखी कडक. नगरपरिषदेच्या थकीत मालमत्ता करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. ५,००० रुपये थकले तर महिन्याला १०० रुपये, वर्षाला १,२०० रुपये. चार-पाच वर्षं दुर्लक्ष झालं की मूळ रकमेइतकाच दंड अंगावर बसतो. २०२५ मध्ये राज्य सरकारने नगरपरिषदांच्या या शास्तीत सवलत देण्यासाठी अभय योजनेचा मार्ग मोकळा केला. अशा योजनेचा फायदा कोणाला होतो? ज्याला ती वेळेत कळली त्याला. बाजारपेठेतल्या दुकानदाराला कळते, त्याचा कर सल्लागार असतो. शहराच्या कडेला राहणाऱ्या, संत्र्याच्या तोडणीवर जाणाऱ्या माणसाला ती कळते मुदत संपल्यावर.

(दृश्य: जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी. कडेवर बाळ घेतलेली तरुण आई. टेबलावर जुनी जाड नोंदवही, बाजूला संगणक.)

जन्म-मृत्यूची ही खिडकी पालिकेत सगळ्यात जास्त वापरली जाणारी. आम्ही सगळ्यात जास्त वेळ इथेच थांबलो.

जन्माची किंवा मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर शुल्क लागत नाही. दवाखान्यात जन्म झाला तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर घरच्यांची. ३० दिवस उलटून गेले की वरिष्ठांची परवानगी आणि स्वतः सही करून दिलेलं (स्वसाक्षांकित) कागदपत्र लागतं. वर्ष उलटलं की प्रकरण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जातं. म्हणजे जे काम खिडकीवर पाच मिनिटांत झालं असतं, त्यासाठी तहसील, वकील, कागदपत्रं असा फेरा लागतो आणि तितक्या दिवसांची मजुरी बुडते.

आणखी एक बारकी गोष्ट इथे सांगायलाच हवी. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी नोंद करता येते. नाव नंतर टाकता येतं, पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. कितीतरी घरांत बारसं होतं, नाव ठरतं, गावभर पेढे जातात आणि दाखल्यावरची नावाची जागा कोरीच राहते. शाळेत नाव घालायच्या वेळी ती दिसते, तीही जूनच्या गर्दीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर या दाखल्याचं वजन फार वाढलं आहे. त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जाणार आहे. आज कडेवर असलेल्या या बाळाला अठराव्या वर्षी लागणारा कागद आज या खिडकीवर तयार होतो आहे. इथे बसलेल्या कर्मचाऱ्याने नावातली एक वेलांटी नीट लिहिली, तर एका माणसाचं पुढचं आयुष्य सोपं जातं. हे काम मन लावून करणारी माणसं आम्ही पाहिली. त्यांना सलाम.

(दृश्य: अर्ज देणारा हात. त्यावर शिक्का. पोचपावतीवरचा क्रमांक.)

अर्ज दिला की पोच मागा. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली पाहिजे, असं तो सांगतो. नगरपरिषदेत जन्माचा किंवा मृत्यूचा दाखला ३ दिवसांत. मालमत्ता कराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोडणी, प्रत्येकाला मुदत आहे. काम ज्याने करायचं तो पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो, वेळेत झालं नाही तर पहिलं आणि दुसरं अपील कोणाकडे करायचं तेही ठरलेलं. कसूर सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यावर सेवा हक्क आयोग आहे, नागपूर विभागासाठी वेगळे आयुक्त आहेत.

हा सगळा तक्ता कार्यालयात दर्शनी भागात लावणं कार्यालयावर बंधनकारक आहे. पण पोच नसेल तर मुदत मोजायची कुठून? तोंडी दिलेला अर्ज आणि तोंडी मिळालेलं ‘होऊन जाईल’ यांना या कायद्यात जागा नाही.

(दृश्य: गल्लीतून जाणारी घंटागाडी. भोंग्यावर ओला-सुका कचऱ्याचं गाणं. दारात डबे घेऊन उभ्या बायका.)

पूर्वी दवंडी होती. आता निरोप तीन वाटांनी येतो. घंटागाडीचा भोंगा, प्रभागाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आणि वर्तमानपत्रातला तालुका वार्ताहर. यातला वार्ताहर आम्हाला फार मोलाचा वाटतो. तो बहुधा स्वतःचं दुकान सांभाळून, तुटपुंज्या मानधनावर, नगरपरिषदेच्या सभेला जाऊन बसतो. त्याच्या चार ओळींमुळे कितीतरी शहरांना आपल्या सभागृहात काय झालं ते कळतं. ग्रुपवर मात्र खरी सूचना आणि अर्धवट ऐकलेली गोष्ट एकाच वेगाने फिरतात. नळ उद्या येणार नाही, हे अधिकृतपणे वेळेत कळलं नाही की त्या जागी अफवा येते.

घंटागाडी रोज शहरातल्या बहुतेक दारांसमोर थांबते. कचऱ्याच्या गाण्यानंतर अर्धा मिनिट कर आकारणीच्या हरकतींची शेवटची तारीख सांगायला काय खर्च येतो? डिझेल तर जळतंच आहे.

(दृश्य: २०२५ च्या डिसेंबरमधल्या मतदानाच्या रांगा. बोटावरची शाई.)

नागपूर जिल्ह्यातल्या बऱ्याच नगरपरिषदांसाठी याआधीचं मतदान ८ जानेवारी २०१७ ला झालं होतं. पाच वर्षांची मुदत २०२२ च्या सुरुवातीला संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. अर्थसंकल्प झाले, निविदा निघाल्या, ठराव झाले, पण त्यावर प्रश्न विचारणारा एकही नगरसेवक सभागृहात नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २ डिसेंबर २०२५ ला राज्यभर मतदान झालं, काही ठिकाणी ते २० डिसेंबरला घ्यावं लागलं आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशामुळे सगळीकडची मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडले गेले. अर्ध्या जागांवर महिला आहेत.

प्रशासकाच्या काळात कामं अडली नाहीत, उलट लवकर झाली, असं म्हणणारेही पुष्कळ भेटतात. काही ठिकाणी तसं झालंही असेल. पण घाईने झालेल्या रस्त्यात पाइपलाइन टाकायची राहिली, हे सांगायला त्या गल्लीचा कोणी सभागृहात लागतो.

(दृश्य: सभागृह भरलेलं. विषयपत्रिका वाचली जाते आहे.)

आता सभागृह परत भरलं आहे. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आधी निघते, सभा झाली की इतिवृत्त लिहिलं जातं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे १७ बाबींची माहिती कार्यालयाने कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायची आहे. जे जाहीर झालं नाही ते १० रुपयांच्या अर्जावर मागता येतं, उत्तराची मुदत ३० दिवस. ठरावाची प्रत, रस्त्याचं अंदाजपत्रक, कामाचं मोजमाप पुस्तक, ठेकेदाराला दिलेलं देयक, हे सगळं त्यात मिळू शकतं.

मागायच्या या कागदांत विकास आराखडाही, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा नकाशाही, जोडावा लागेल, कारण वानाडोंगरी, बेसा-पिपळ्यासारख्या वाढत्या शहरांत खरी उलथापालथ तिथेच होते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. त्या नकाशावर कोणाच्या शेतातून रस्ता जातो, कोणाच्या प्लॉटवर उद्यानाचं आरक्षण पडतं. आयुष्यभराची कमाई घालून घेतलेली जागा, हातात आखीव पत्रिका, म्हणजे त्या जागेचा सरकारी उतारा, आणि ३० दिवस निघून गेल्यावर कळतं की त्यावर हिरवा रंग आहे. नकाशा मोठा छापून प्रत्येक प्रभागात, शाळेच्या भिंतीवर लावला तर हे टळेल.

आणि प्रभागातली सभा? ती घ्यायला कोणाची मनाई नाही. दोन नगरसेवक, एक नळ कर्मचारी, एक कर विभागाचा माणूस आणि हनुमान मंदिरासमोरची मोकळी जागा, एवढ्यात ती होते. पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प मार्चअखेरच्या आधी सभागृहात मांडला जातो. त्याआधी जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्येक प्रभागात अशी एक सभा लावा, तिची तारीख आठ दिवस आधी भोंग्यावरून सांगा आणि लोकांनी काय मागितलं ते अर्थसंकल्पाच्या टिप्पणीला जोडून सभागृहात वाचा, ही आमची प्रत्येक नव्या नगराध्यक्षांकडे मागणी आहे.

(पडद्यावर: जवळच्या नगरपरिषदेत किंवा नगरपंचायतीत जाऊन पुढच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका मागा.)