डोळ्यांचा अंदाज आणि पिशवीवरच्या रेघा

नमस्कार श्रोतेहो. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव, जिथे कुठे ऐकत असाल तिथे. आज बोलायचंय आरोग्यासाठी येणाऱ्या परदेशी सरकारी पैशाबद्दल. तो खर्च कसा होतो आणि तपासतो कोण? पण सुरुवात करते आपल्याच जिल्ह्यातल्या एका प्लास्टिकच्या पिशवीपासून.

साल २००२. बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतलं मिसुरी विद्यापीठ यांनी मिळून एक अभ्यास सुरू केला. पैसा मुख्यतः अमेरिकी सरकारचा, तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेकडून आलेला. एनआयएच म्हणतात तिला. प्रश्न साधा होता. बाळंतपणानंतर बाईचं रक्त वाहत राहतं, ते गोळीने आवरतं का? ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन ठाऊक होतं, पण त्याला सुई लागते आणि थंड जागा लागते. मिसोप्रोस्टॉलची गोळी साध्या डब्यात राहते. मात्रा ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० च्या तीन गोळ्या, तोंडावाटे.

गोळी द्यायची, हे ठरलं. पण रक्त किती गेलं, हे कळणार कसं? घरातलं बाळंतपण डोळ्यांसमोर आणा. थोडं रक्त जुन्या लुगड्यात मुरतं, थोडं गोधडीत, थोडं जमिनीवर सांडतं, त्यात गर्भजल मिसळतं. मग कुणीतरी म्हणतं, ‘फार नाही गेलं.’ ‘फार नाही’ म्हणजे किती?

म्हणून ही पिशवी आली. वर रुंद प्लास्टिक, बाळंतिणीच्या कमरेखाली पसरायचं, नाड्या पोटाला बांधायच्या. खाली नरसाळ्यासारखी निमुळती होत गेलेली पिशवी, आणि तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा. रक्त आपोआप खाली जमतं आणि रेघ बोलते. एक पथ्य मात्र पाळायचं: पिशवी बाळ बाहेर आल्यावर, गर्भजल निघून गेल्यावर लावायची. आधी लावली तर पाणीही रक्ताच्या हिशोबात धरलं जातं आणि आकडा फुगतो.

याच पिशवीची आणि डोळ्यांच्या अंदाजाची तुलनाही झाली. अंदाज पिशवीपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. पुन्हा सांगते, ३३ टक्के कमी. म्हणजे पिशवी ६०० दाखवते तेव्हा डोळा ४०० म्हणतो. धोक्याची रेघ आहे ५०० ची. डोळ्याच्या हिशोबात ती बाई सुखरूप आहे, आणि प्रत्यक्षात तिचा जीव धोक्यात आहे.

डिसेंबर २००५ पर्यंत १६२० बाळंतिणींची नोंद झाली. बाळंतपणं केली, गोळी दिली आणि रक्त मोजलं ते २५ एएनएम सिस्टरांनी, घरांत आणि उपकेंद्रांत. ५०० मिलिलिटरच्या वर रक्त जाण्याचं प्रमाण तुलनेसाठी नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत १२ टक्के होतं, खरी गोळी घेतलेल्यांत ६.४. हजारच्या वर जाण्याचं प्रमाण १.२ वरून ०.२ वर आलं. दर १८ बायकांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा हिशोब निघाला. थंडी वाजणं आणि ताप येणं हा त्रास झाला, तोही लिहून ठेवला गेला. निकाल २००६ मध्ये जगापुढे आला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतला मोठा अभ्यास जाहीर झाला, तिथेही बाळंतिणीखाली अशीच रेघांची पिशवी होती.

त्या २५ सिस्टरांचं नाव आपल्या जिल्ह्यात कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. दवाखान्यांच्या भिंतींवर उद्घाटनाच्या फरशा असतात. रेघ वाचून खरा आकडा लिहिणाऱ्या हातांची फरशी कुठेच नसते.

आता पैशाकडे येऊ. परदेशी पैशाची तपासणी बहुतेक वेळा डोळ्यांच्या अंदाजासारखीच होते. खर्च झाला, असा दाखला द्यायचा. त्याला युटिलायझेशन सर्टिफिकेट म्हणतात, कचेरीत नुसतं ‘यूसी’. पण पैसे संपले एवढंच यूसी सांगते. छत गळतं का, यंत्र चालतं का, हे त्यात नसतं.

ओडिशाचं उदाहरण घ्या. तिथल्या रुग्णालयांसाठी जागतिक बँकेचं सवलतीचं कर्ज आलं होतं. बँकेच्या तपासणी पथकाने ५५ रुग्णालयं प्रत्यक्ष जाऊन पाहिली आणि २००८ मध्ये अहवाल आला. ९३ टक्के ठिकाणी काही ना काही बिघडलेलं. अर्धवट कामं, गळती, ढासळणारी छतं, बंद पाणी, बंद वीज. आणि त्यांतल्या कितीतरी ठिकाणी काम पूर्ण झाल्याचा दाखला आधीच दिलेला होता.

पैशाच्या वाटा थोडक्यात सांगते. जागतिक बँकेच्या प्रकल्पात साधारणपणे राज्य आधी आपल्या तिजोरीतून खर्च करतं, मग दिल्लीत अर्थ मंत्रालयामार्फत परतफेड मागतं. नियमात न बसणारा खर्च नामंजूर होतो आणि राज्याच्या अंगावर पडतो. स्वयंसेवी संस्थेचा परदेशी पैसा परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरतो. कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवायचा, दुसऱ्या संस्थेला पैसा द्यायचा नाही, आणि मार्चला संपलेल्या वर्षाचा हिशोब डिसेंबरअखेर भरायचा. त्यातल्या ‘दुसऱ्याला द्यायचा नाही’ या अटीने तालुक्यातल्या लहान संस्था कोरड्या पडल्या. हिशोब सुटसुटीत झाला असेल, पण गल्लीत जाऊन काम करणारी माणसं कमी झाली. माझ्या मते हा सौदा महाग पडला.

देणाऱ्यांच्या घरीही हीच अडचण. १ मे २०२५ ला एनआयएचने परदेशी संस्थांना मिळणारी उपअनुदानं, म्हणजे मुख्य अनुदानातून पुढे दिला जाणारा वाटा, जुन्या पद्धतीने देणं थांबवलं. पैसा पुढे कुणाकडे गेला याचा माग नीट लागत नाही, हे कारण दिलं. त्याआधी फेब्रुवारीत यूएसएडचे, म्हणजे परदेशात मदत वाटणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचे, महानिरीक्षक पदावरून काढले गेले. खर्चावर नजर ठेवणारे हे अधिकारी. आदल्याच दिवशी त्यांच्या कार्यालयाने लिहून दिलं होतं की, माणसं कमी केल्याने अजून न वाटलेल्या ८.२ अब्ज डॉलरच्या मदतीवर देखरेख ठेवणं कठीण झालंय.

मग आपण काय करायचं? तालुका रुग्णालयात प्रकल्पाच्या पैशातून आलेलं एक यंत्र निवडा. क्षयरोगाची तपासणी करणारं सीबीनॅट घ्या. त्याला सहसा चार कप्पे असतात. किती चालू आहेत? कप्प्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप बरोबर येतं का याची तपासणी, शेवटची कधी झाली? मग कार्ट्रिजचा, म्हणजे तपासणीसाठी यंत्रात घालायच्या डब्यांचा, साठा: सुरुवातीची शिल्लक, अधिक आलेली, वजा वापरलेली. उत्तर कपाटातल्या संख्येशी जुळलं पाहिजे. बॅच नंबर आणि मुदतीची तारीखही पाहा. मुदत संपलेला माल यूसीत ‘खर्च’ म्हणूनच दिसतो.

हे पाहायचा हक्क माहिती अधिकार कायद्याने दिलाय. कागदाची नक्कल तर मागता येतेच, पण वस्तूची, कामाची पाहणीही मागता येते. पुन्हा सांगते, पाहणीही मागता येते. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच लिहिलंय, मराठी नाही. सीमाभागातल्या दवाखान्याची साठा नोंदवही मराठी बाईला स्वतः वाचता यावी, असं मला मनापासून वाटतं. तोवर कन्नड लिहिता येत नसेल तर अर्ज हिंदीत, देवनागरीत लिहा. आणि पाहणीला जाताना कन्नड वाचणारं एक माणूस सोबत न्या, कारण नोंदवही कन्नडमध्ये असेल.

नमस्कार.