हेवी लायसन्स

(दृश्य: कळंबोली, लोखंड बाजाराजवळची मोकळी जागा. रिकाम्या ट्रॉलीचा ट्रेलर मागे येतोय. पडद्यावर फक्त चालकाचे हात.)

मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉलीची शेपटी डावीकडे जाते. हे समजायला पाच मिनिटं लागतात, हातात बसायला कितीतरी दिवस. जरा जास्त फिरवलं की केबिन आणि ट्रॉली कोयत्यासारखी मिटायला लागतात. मग पुढे घ्यायचं, सरळ करायचं, पुन्हा मागे. शिकवणारे काका खालून ओरडतात, "आरशात दिसत नाही म्हणजे मागे कुणी नाही असं नसतं रे. उतर, बघून ये."

तो उतरतो, मागे जाऊन बघून येतो, पुन्हा चढतो.

त्याचा चेहरा आम्ही दाखवणार नाही. तळोजा मध्यवर्ती कारागृह इथून फार लांब नाही. तिथून तो जामिनावर बाहेर आलाय. केस सुरू आहे, निकाल लागायचाय. वस्तीत मात्र 'आत जाऊन आलेला' एवढीच त्याची ओळख उरली आहे. 2022 च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांमध्ये जेवढी माणसं होती, त्यांतले सुमारे 76 टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. हा आकडा मनात ठेवूनच त्याच्या हातांकडे बघा.

(दृश्य: टपरीच्या बाकावर प्लास्टिकच्या पिशवीतली कागदपत्रं.)

आत जाण्याआधीही तो ट्रकच चालवायचा. मग आता पुन्हा शिकायचं कशाला?

ट्रकच्या लायसन्सची मुदत पाच वर्षांची. मुदत संपल्यावर वर्षभरात अर्ज केला तर नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की चाचणी नव्याने द्यावी लागते. तो आत असताना मुदतही संपली आणि वरचं वर्षही गेलं. बाहेर येऊन ऑनलाइन अर्ज भरायला बसला, तर आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला, ओटीपी येणार कुठे? भाड्याची खोली सुटलेली, तेव्हा पत्त्याचा पुरावाही नाही. गाडी चालवायला विसरला नव्हता तो. कागद संपले होते.

हे टाळता येण्यासारखं आहे, आणि म्हणूनच जास्त टोचतं. माणूस आत आला की त्याच्या सामानाची नोंद होते. त्याच वेळी एक प्रश्न विचारावा: लायसन्स आहे का, मुदत कधी संपते? विधी सेवा प्राधिकरणाचे वकील तुरुंगात जात असतात. तिथे डॉक्टरही असतो, आणि या नूतनीकरणाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागतंच. तेवढं मुदतीत झालं, तर बाहेर आल्यावर माणूस कामाच्या बराच जवळ असेल.

(दृश्य: मैदानाच्या कडेला उभी तरुण मुलं.)

ज्यांनी कधीच गाडी चालवलेली नाही, त्यांची वाट आणखी लांब. वय किमान 20. आधी हलक्या गाडीचं लायसन्स, ते हातात येऊन वर्ष झालं की मग हेवीचं लर्निंग. आठवी पासची अट 2019 मध्ये गेली, आणि शाळा अर्ध्यात सुटलेल्यांना ती मोठीच सवलत झाली. मधल्या वर्षात खायचं काय? इथे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा 6 नोव्हेंबर 2024 चा निकाल कामी येतो. हलक्या गाडीच्या लायसन्सवर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडीही चालवता येते. म्हणजे छोटा टेम्पो. भाजी बाजारात एपीएमसीची फेरी मारत वर्ष काढता येतं.

'केस असली की लायसन्स मिळतच नाही' असं बरेच जण धरून चालतात. कायदा तसं म्हणत नाही. सराईत गुन्हेगार असेल किंवा दखलपात्र गुन्ह्यात गाडी वापरलेली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 19 खाली अधिकारी लायसन्स रद्द करू शकतो. तेही माणसाचं म्हणणं ऐकून आणि कारण लेखी देऊन. लायसन्सच्या खिडकीवर दार बंद नाही. अडतं ते पुढे, मोठ्या कंपन्यांच्या गेटवर, जिथे पोलीस पडताळणीचा कागद मागतात.

मालकाची भीतीही खोटी नाही. लाखोंचा माल आणि त्याहून महाग गाडी तो एका माणसाच्या हवाली करतो. म्हणून या धंद्यात सगळ्यात मोठा दाखला दुसऱ्या ड्रायव्हरच्या तोंडचा. "माझ्याबरोबर सहा महिने होता, नीट आहे," एवढं कुणीतरी म्हणावं लागतं. ते म्हणायला काका तयार असतात. मैदानावरचे तास सरले तरी ते शिकाऊला आपल्या गाडीवर बसवून नेतात.

(दृश्य: बोरघाट. उताराला लागलेले ट्रक.)

घाटात काका मुलांना बोलू देत नाहीत. चढताना जो गिअर, उतरताना तोच. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारली, की इंजिनचा धरलेला हात सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापतात, मग पेडल दाबून काही होत नाही. खाली माणसं असतात. काका हे शांतपणे सांगतात आणि पुढचे दोन किलोमीटर गाडीत कुणी बोलत नाही.

(दृश्य: उरणकडे जाणारा रस्ता. कंटेनरची रांग.)

लांब पल्ल्याला पैसे जास्त, पण आपल्या माणसाला तो परवडणार नाही. दर महिन्याला कोर्टाची तारीख असते. दिल्लीच्या वाटेवर गाडी अडकली आणि तारीख चुकली, तर वॉरंट निघू शकतं. त्यात जामिनाच्या अटीप्रमाणे कोर्टाच्या परवानगीशिवाय राज्याबाहेर जाता येत नाही. त्याला हवी ती लोकल खेप. न्हावा शेवाचं बंदर 1989 पासून सुरू आहे. तिथून उतरलेला कंटेनर तळोजा एमआयडीसीत, तुर्भ्याला, भिवंडीच्या गोदामात जातो. मुंब्रा बायपासवर तासन् तास रखडावं लागेल, पण गाडी त्याच जिल्ह्यांत फिरेल आणि रात्री घरी येता येईल. तारखेच्या आदल्या दिवशी मालकाला तोंडावर सांगता येईल की उद्या कोर्टात जायचंय. हे सांगायची सोय हवी, असं तो दोनदा म्हणाला. लपवून नोकरी नको.

(दृश्य: पुन्हा मैदान. ऊन उतरलंय.)

चाचणी आठ दिवसांवर आहे. काकांनी आज दोन टायर उभे करून मधली जागा कालपेक्षा हातभर कमी केली. पहिल्यांदा मागचं चाक टायरला घासलं. दुसऱ्यांदा त्याने मध्येच गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, आणि काका काही बोलायच्या आत उतरून मागे बघायला गेला.