यंत्र थांबलं की सुट्टी

(दृश्य : धुक्यातलं जिनिव्हा, ट्रामचा शेवटचा थांबा)

डिसेंबरात जिनिव्हावर ढगांचं झाकण बसतं ते लवकर उठत नाही. ऊन हवं असेल तर केबल कारनं सालेव्हच्या डोंगरावर जायचं. ढग खाली राहतात.

अठरा नंबरची ट्राम संपते तिथे सर्न, म्हणजे युरोपची कणभौतिकीची प्रयोगशाळा. जमिनीखाली 27 किलोमीटर घेराच्या बोगद्यात प्रोटॉनची टक्कर घडवणारं यंत्र आहे. हिवाळ्यात ते बंद ठेवतात. देखभालीसाठी, हे खरंच. पण थंडीत वीजही महाग असते. म्हणजे इथल्या सुट्टीत नाताळाइतकाच वीजबिलाचाही हात!

भारत 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. मुंबईच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) संशोधक इथल्या प्रयोगांत त्याआधीपासून आहेत. युरोपातले सहकारी आगगाडीनं घरी जातात. आपल्याकडच्यांना रजा पुरत नाही, किंवा विमानाचं तिकीट परवडत नाही. मग ते राहतात.

(दृश्य : ऑफिसातलं टेबल, त्यावर चॉकलेटचं पातेलं)

सुट्टीआधी एक गंमत असते. 1602 च्या 11-12 डिसेंबरच्या रात्री शेजारच्या सव्हॉय राज्याचे सैनिक शिड्या लावून जिनिव्हाचा तट चढले. एका बाईनं वरून उकळत्या सूपचं पातेलं त्यांच्यावर ओतलं, अशी आख्यायिका आहे. हल्ला फसला. सिंहगड ऐकत मोठ्या झालेल्यांना जरा चुकल्यासारखं होतं : इथे सण तट राखणाऱ्यांचा! मार्झिपानच्या (बदाम-साखरेच्या) भाज्या भरलेलं चॉकलेटचं पातेलं मध्ये ठेवतात आणि टेबलाभोवतीचा सगळ्यांत थोरला आणि सगळ्यांत धाकटा मिळून ते फोडतात. थोरला बहुधा प्राध्यापक, धाकटा नुकताच पीएचडीला लागलेला. फुटलं की पदव्या विसरून तुकड्यांवर झडप.

मग कँटीन बंद, 25 ला दुकानं बंद. ज्यानं आदल्या दिवशी दूध आणून ठेवलं तो शहाणा. मागे राहिलेले कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमतात. पोलंडच्या मैत्रिणीकडे 24 च्या रात्री मांस शिजत नाही. मासा असतो, बीटचं सार असतं. आपल्या शाकाहारी मंडळींना सार पुरतं, वर कुणीतरी हळूच लिंबाचं लोणचं काढतं. टेबलावर एक ताट रिकामं मांडलेलं असतं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी.

31 ला वर्ष हप्त्याहप्त्यानं संपतं. संध्याकाळी साडेसातला पुण्यात बारा वाजतात : व्हिडिओ कॉल, "जेवलास का रे?", मागे कुकरची शिट्टी. अकराला अथेन्सचं नवं वर्ष. बाराला स्पॅनिश मंडळी घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक द्राक्ष तोंडात टाकतात. नवख्याचे गाल सातव्या ठोक्यालाच फुगतात.

(दृश्य : जानेवारी, मीटिंगची खोली)

6 जानेवारीला पुन्हा केक. ज्याच्या तुकड्यात चिनी मातीची इवली बाहुली निघेल तो राजा. मग बीम, म्हणजे यंत्रातला प्रोटॉनचा झोत, पुन्हा कधी सुरू करायचा यावर गंभीर चर्चा चालते, आणि ती चालवणाऱ्याच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट असतो.